इवायाचा चंदनाचा पेन

चहा पेता पेता आयका, पन इवायापर्यंत जाऊ देऊ नका. मी खरादावर लाकडाचे पेन करून लोकाइले भेट देतो, हे तुमाले मालूमच हाय. परवा पोरीचा सासरा आला, पांढरकवड्याचा. आता इवायाची थट्टा नाही केली त नातं कायचं? बकरी बांधाचा बाभयीचा जुना खुंटा पडेल होता. त्याचाच पेन केला, अत्तर चोयलं अन् देल्ला.

"इवाईबुवा, अस्सल चंदन!"

सकायी पाह्यतो त इवाई देवापाशी बसेल. रिफिल काढून बाजूले ठेवली अन् सहानीवर पेन घासून राह्यला!

"अहो, हे काय करून राह्यले?"

"एवढं चंदन लिहून कायले वाया घालू? अन् पाहा, गंध लाल निघून राह्यलं. रक्तचंदन हाय हे!"

देवाले लावलं, सोताले लावलं. खरं सांगावं त पोरगी त्याइच्या घरी, जल्मभर तिलेच टोमने. मीबी देवाले हात जोडले.

मंग आमाले लावाले त्यानं गंधात बोट बुडवलं. बायकोले खुंट्याचं ठाऊक होतं. "माही आंघोळ व्हायची हाय," म्हनून ते पयाली. मी सापडलो.

"थंड वाटते ना?"

"लय थंड, इवाईबुवा."

"मंग उरला पेन तुमीच ठेवा. मी हाय तोवर रोज माह्या हातानं लावतो."

इवाई अजून घरीच हाय.