डाऊन-डॉकचा दरवाजा

हॅलो? हॅलो, वैशालीताई? सुकन्या बोलतेय, कशेळीच्या कोल्ड स्टोरेजमधून… हो, ड्युटीवरच आहे. ताई, आपला लोडर हिरामण आत अडकलाय.

आत म्हणजे फ्रीजर रूममध्ये. दरवाजा लॉक झालाय… उणे अठरा… नाही, जॅकेट नाही. दोन मिनिटांत येतो म्हणून शर्टावरच गेला.

माझ्यामुळे, ताई… हो, हो… अगं ऐक ना. सकाळपासून पाच दरवाजांचे कंट्रोलर डाऊन दाखवत होते. मी स्टेटसची यादी काढली, तू शिकवलेलं ते ओळी गाळायचं awk लावलं. ज्या ओळीत 'डाऊन' दिसेल तिचा नंबर उचलायचा, रीस्टार्टची कमांड बनवायची… हो, तेच.

पाच नाही, सहा बनल्या… नाही, वाचल्या नाहीत. सरळ चालवल्या.

सहावी खालच्या डॉकची, जिथून माल या फ्रीजरमध्ये जातो. तो दरवाजा चांगला चालू होता गं. पण यादीत त्याचं नावच 'डाऊन-डॉक' आहे. awk ने नाव बघून उचलला… हो. रीस्टार्ट झाला आणि लॉक लागलं.

आतलं हँडल बर्फाने जाम आहे… चावी सुपरवायझर बाळारामकडे. तो खाडीच्या पुलावर ट्रॅफिकमध्ये. अर्धा तास म्हणतोय.

मी लॅपटॉप घेऊन दाराशीच बसलेय. वॉचमन पंढरीकाका आहेत सोबत. आतून ठोकत होता तो… आता काका म्हणतात, आवाज येत न्हाय… ताई, ऐकतेयस ना?

अठरा मिनिटं झाली… एकोणीस.

काढते स्टेटस. थांब… 'अप' आलाय. मघापासून नुसतं 'बूटिंग' दाखवत होता, सुरूच होत नव्हता.

नाही, मी नाही आता काही दाबणार. तूच कर ना घरून… लॅपटॉप घरी नाही नेलास? बरं. बरं, सांग.

दुसऱ्या कॉलमात तंतोतंत 'डाऊन-डॉक'. नुसता 'डाऊन' नाही… आणि तिसऱ्यात तंतोतंत 'अप'. हो, लिहिलं… नाही, चालवत नाहीये. आधी स्क्रीनवरच छापते.

एकच ओळ आली. वाचू? 'ओपन सतरा'… काका, दारावर नंबर काय लिहिलाय? … सतराच म्हणतात.

चालवली.

… काही नाही. ताई, काहीच होत नाहीये… थांब. खट्ट वाजलं. काका ओढतायत… उघडला. उघडला, ताई.

दिसत नाही गं, नुसती वाफ येतेय… काका आत गेलेत… आणलं. बसवलंय खाली. ओठ निळे पडलेत… हो, डोळे उघडे आहेत. बोलतोय. 'माझं पाय हायत का बघा' म्हणतोय.

नाही, चोळत नाही. ब्लँकेट घातलंय. गाडी बोलावलीये, दवाखान्यात नेतोय लगेच.

रडत नाहीये… थोडीशी.

काय? … सिस्टीम हँग झाली म्हणून सांगू? नाही, ताई… कळतंय मला, नोकरी जाईल. तू नुसतं शिकवलंस, तुझं नाव नाही येणार यात.

पण तो विचारतोय ना… दार कुणी लावलं म्हणून. दोनदा विचारलं. काका माझ्याकडे बघतायत.

नको, नंतर नाही. ठेवते मी… जाते त्याच्यापाशी.