दुर्बिणीतली फुली

रायफल दुरुस्तीच्या दुकानात रांगेत माझ्यापुढे एक तरुणी उभी होती. कारागीर तिच्या रायफलवरची दुर्बीण तपासत होता.

"ताई, दुर्बीण तिरकी बसलीय. आतली नेमाची फुली डावीकडे झुकलीय बघा. कोणी बसवली?"

"बाबांनी. हळू बोला, ते मागे बाकावर बसलेत."

"त्यांच्या लक्षात नाही आलं?"

"आजारपणापासून त्यांची मान डावीकडे कलते. त्यांना ती सरळच दिसते."

"मग तुम्ही नेम कसा धरता?"

"मीपण मान कलती करते. सवय झालीय आता."

"सरळ करून देऊ? फार वेळ नाही लागायचा."

"नको. दणक्यांनी स्क्रू सैल झालेत, तेवढे आवळा."

मागून तिच्या बाबांनी विचारलं, "काय म्हणतोय गं तो? नीट बसलीय ना?"

कारागिराने दुर्बिणीला डोळा लावला आणि मान डावीकडे कलती केली.

"काका, अगदी सरळ आहे."