माणूस वजनात धरत नाही

कौसल्या : मी हुकाचं विचारून राहिली, विश्वनाथभाऊ. इंजिनाचं नाही.

विश्वनाथ : इंजिनाचं आधी समजून तर घ्या, वहिनी. मिलिटरीच्या लिलावातलं आहे. एकाहत्तरच्या लढाईत ट्रक ओढत होतं. तुमच्या एवढ्याशा जुन्या ट्रॅक्टरात ते बसवणं म्हणजे बकरीच्या छातीत रेड्याचं काळीज घालणं. मध्ये जाड प्लेट टाकली, पुढची चॅसी हातभर लांब केली, तेव्हा कुठं गिअरबॉक्सशी जुळलं. असं काम नागपुरात कोणी केलं असेल तर दाखवा मले.

कौसल्या : कोणी काहून नाही केलं?

विश्वनाथ : हिंमत लागते.

कौसल्या : का बाकीच्याईले अक्कल होती?

विश्वनाथ : बळीरामभाऊंच्या वरताण आहात तुम्ही. चहा घ्या. ते कॉटन मार्केटातून साखळी घेऊन येतपर्यंत थंडा होईल.

कौसल्या : ते याच्या आधीच सांगा. उद्या जत्रेत ट्रॅक्टरांची ओढ हाये, शर्यत. मागचा हूक सध्या खाली हाये. ते म्हणून राहिले, वर लावून घेतो. वर लावला तर काय होते?

विश्वनाथ : मागच्या चाकांवर भार येते. चाक जागच्या जागी फिरत नाही, माती पकडते. दगडाची ट्रॉली निघते.

कौसल्या : एवढं त्याईनं सांगितलं मले. जे नाही सांगितलं ते सांगा.

विश्वनाथ : कशाले फिकर करता, वहिनी.

कौसल्या : फिकर करायले नाही विचारत. समजायले विचारते.

विश्वनाथ : बरं, मग ऐका. साखळी एक्सलच्या खाली बांधली असली, की ट्रॅक्टरचं नाक जरा उचललं तरी मागचा हूक खाली दबते. साखळीचा जोर सुटते, नाक परत खाली येते. गाडी स्वतःले सांभाळून घेते. साखळी एक्सलच्या वर बांधली, तर उचललेल्या नाकाले ती आणखी मागं खेचते.

कौसल्या : किती मागं?

विश्वनाथ : पुरं.

कौसल्या : म्हणजे उताणा.

विश्वनाथ : असं पहा. इंजिन चालू आहे म्हटल्यावर ते काही तरी फिरवणारच. चाक फिरलं तर चाक फिरवते. चाक मातीत घट्ट बसलं आणि मागची ट्रॉली हलली नाही, तर मग चाकाभोवती गाडीलेच फिरवते. पहिल्या इंजिनात तेवढा दम नव्हता. जोर पडला की बंद पडे बिचारं.

कौसल्या : बंद पडे म्हणून लोक हसत होते.

विश्वनाथ : बंद पडे म्हणून बळीरामभाऊ बसल्या जागी राहत होते. ते माहीत असतं तर मी पण हसलो नसतो.

कौसल्या : क्लच दाबला तर?

विश्वनाथ : दाबला तर वाचले. पण पाय उचलेपर्यंत आभाळ समोर येते, वहिनी. माणूस आभाळ पाहते, पाय विसरते.

कौसल्या : आमच्या वावरात पाहून घेतलं त्याईनं. बाभळीचं खोड पडलं होतं, एका मुळीनं धरलेलं, त्याले साखळी बांधली. वरून. वर हूक नव्हता तर वरच्या पट्टीलेच गुंडाळली. नत्थू पुढं बसला होता, माहा दीर. बोनेटले मिठी मारून, तोंड मागं करून.

विश्वनाथ : पुढं काहून बसवला त्याले?

कौसल्या : नाक दाबाले. ओढीचा नियमच तसा हाये. पुढं दगड नाही बांधायचे, लोखंड नाही, रेतीचं पोतं नाही. माणूस बसला तर चालते. पंच म्हणतात, माणूस वजनात धरत नाही.

विश्वनाथ : हे मले कोणी सांगितलं नाही.

कौसल्या : तुम्हाले इंजिन बसवायचं होतं. तुम्ही कशाले विचारसाल.

विश्वनाथ : मग? उचललं नाक?

कौसल्या : पुढची दोन्ही चाकं वर. नत्थूचे पाय लोंबत होते. मंग खोडाची मुळी तुटली अन् धाडकन खाली आलं, म्हणून बरं झालं. लोकाईनं टाळ्या वाजवल्या. घोड्यासारखा उभा राह्यला म्हणे. नत्थूचे हात भाजले बोनेटनं, पण तो त्याचं काही बोलला नाही. राती भाकर खाता खाता मले म्हणे, वहिनी, वर गेलो तवा मले दादाचं तोंड दिसलं. दादा हसून राहिला होता.

विश्वनाथ : ते येऊन राहिले, वहिनी. साखळी घेऊन.

कौसल्या : येऊ द्या.

(बळीराम खांद्यावरची साखळी फरशीवर टाकतो.)

बळीराम : काय गा विश्वनाथ, माह्या बायकोले मेकॅनिकी शिकवून राहिला का? शिकव, शिकव. परीक्षा घेऊन टाक तिची. आपल्या मौद्यात एक गॅरेज टाकून देऊ.

विश्वनाथ : चांगली चालवतील त्या. बळीरामभाऊ, हूक मी वर लावत नाही.

बळीराम : हे कोणाचं बोलणं हाये?

विश्वनाथ : माझं. पुढं माणूस बसवता हे तुम्ही मले सांगितलं नव्हतं.

बळीराम : सगळेच बसवतात. मागल्या साली गावच्या मालगुजाराच्या नातवाच्या ट्रॅक्टरवर चार गडी बसले होते, आंब्यावर वांदरं बसावे तसे. त्याले कोणी काही म्हटलं का?

विश्वनाथ : त्याचा ट्रॅक्टर मोठा आहे. लांब आहे, भारी आहे, कंपनीनं त्याच इंजिनासाठी बनवला आहे. तुमचा मी बनवला आहे.

बळीराम : मंग तुह्या कामावर तुहाच भरोसा नाही?

विश्वनाथ : इंजिनावर आहे. म्हणूनच म्हणतो.

बळीराम : बस गा जरा. तू शहरातला माणूस, तू जत्रेत नव्हता. मी सांगतो तुले काय झालं मागल्या साली. माहा ट्रॅक्टर ट्रॉली घेऊन निघाला, अर्ध्यात बंद पडला. पडला तर पडला. त्या नातवानं काय करावं? घरची बैलजोडी आणली. शिंगाईले रंग, गळ्यात झेंडूचे हार. अन् माह्या ट्रॅक्टरले जुंपली. मी वर बसलेला. उतरतो म्हटलं तर म्हणे, बस ना बळीराम, आमच्याच गोठ्यातून भंगारात घेतलेला हाये, आमचे बैल ओळखतात त्याले. पुरी जत्रा मागं मागं. बाया खिडकीतून पाहत होत्या.

कौसल्या : मी पण पाहत होती.

बळीराम : हाव, तू पण. माह्या बापानं त्या घरी सालदारी केली, विश्वनाथ. छप्पन साली दीक्षाभूमीवरून आला तो, अन् मरेपर्यंत त्या घराची पायरी चढला नाही. उपाशी राह्यला, पण चढला नाही. अन् मी त्याईच्या बैलामागं घरी आलो. बापाचा फोटो भिंतीवर हाये. मी एक साल झालं, त्या भिंतीकडे पाठ करून जेवतो.

विश्वनाथ : समजते मले.

बळीराम : समजते तर लाव हूक.

विश्वनाथ : खाली राहू द्या. खालच्या हुकावर पण चांगलं ओढेल. मागच्यापेक्षा कितीतरी जास्त.

बळीराम : चाक घसरते खालच्या हुकावर. जितका दम जास्त तितकं घसरते. घसरलं की खड्डा, खड्डा झाला की खतम. मंग पुन्हा बैल आणतीन. हार तयारच असतीन त्याईचे.

विश्वनाथ : माझ्या हातानं नाही लावणार.

बळीराम : नको लावू. साखळी गुंडाळायले वेल्डिंग लागत नाही. वरच्या पट्टीले गुंडाळतो, जशी वावरात गुंडाळली. पट्टी पातळ हाये, तुटली तर साखळी उलटी येईन माह्या डोक्यात. तू हूक लावला तर तेवढं तरी वाचंल. तू पाहून घे.

विश्वनाथ : हे तुम्ही मले फसवून राहिले.

बळीराम : मी तुले सांगून राहिलो. ओढणार मी वरूनच.

कौसल्या : पुढं कोण बसन?

बळीराम : नत्थू बसन. दुसरं कोण?

कौसल्या : नत्थू नाही येत.

बळीराम : तूच तर म्हटलं, सासुरवाडीहून परभारे जत्रेत येते म्हणून.

कौसल्या : खोटं म्हटलं. तो सावनेरातच राहते आता. कोळशाच्या खाणीत लागला, साळ्यासंगं. म्हणे वहिनी, खाणीत खाली जाईन, पण दादाच्या ट्रॅक्टरवर नाही बसत.

बळीराम : अन् तू मले आज सांगून राहिली.

कौसल्या : आधी सांगितलं असतं तर तुम्ही दुसरा शोधला असता.

बळीराम : आताही शोधतो. देवराव बसंल.

कौसल्या : देवरावले विचारलं मी. मुळी तुटली तवा सगळ्यात जोरात टाळ्या त्यानं वाजवल्या होत्या. म्हणे माही कंबर धरली. कंबर म्हणे आतापासूनच धरली, उद्यापर्यंत नाही सुटत. पुरी वस्ती फिरून आली मी. टाळ्या वाजवाले सगळे येणार हायेत. बसाले कोणी नाही.

विश्वनाथ : झालं मग. माणूस नाही तर वरून ओढणं नाही. खालच्या हुकावर ओढा, हरले तर हरले.

बळीराम : रिकामंच ओढतो.

विश्वनाथ : रिकाम्या नाकानं? वरून? साखळी ताणेपर्यंत पण नाही टिकणार तुम्ही.

बळीराम : मंग नाही टिकत.

विश्वनाथ : काय बोलता, भाऊ. वहिनी उभ्या आहेत इथं.

बळीराम : तिले माहीत हाये मी काय बोलतो ते. एक साल झालं, तिलेच सांगून राहिलो.

कौसल्या : मी बसीन.

विश्वनाथ : वहिनी.

कौसल्या : नियमात माणूस म्हटलं हाये. बाप्या माणूस असं नाही म्हटलं. मी बसीन पुढं, नत्थू बसला तशी. तोंड मागं करून.

विश्वनाथ : ऐकू नका यांचं, बळीरामभाऊ. या तुम्हाले अडवून राहिल्या.

कौसल्या : तुम्ही मधी नका बोलू, विश्वनाथभाऊ. मी त्याईले विचारून राहिली. मी बसते म्हटलं. आता मले पाहून सांगा, हूक कुठं लावायचा.

विश्वनाथ : सांगा ना, भाऊ. एवढी सोपी गोष्ट आहे. खाली आहे तसा राहू दे म्हणा, मी वेल्डिंगचं मशीन बंद करतो, चहा आणखी मागवतो. बळीरामभाऊ. बोला ना.

कौसल्या : बोलतीन ते. घाई नका करू त्याईले.

बळीराम : नत्थूपेक्षा तू हलकी हायेस.

कौसल्या : हाव.

बळीराम : लई हलकी.

कौसल्या : हाव. हलकीच हाये.

बळीराम : मंग कापूस वेचाले बांधते तशी ओटी बांधजो. दोन दगड बसतीन तिच्यात. बाईची ओटी कोणी तपासत नाही.