छत पाहायला आलेल्या इसमास बैठकीत कोंडल्याबाबत

नाव: सरदारां बीबी, मरहूम गुलाम हैदर यांची पत्नी. वय: ६८. धंदा: मुलाचे घर सांभाळणे. राहणार: दीना, जिल्हा झेलम. दिनांक: १२ सप्टेंबर, शुक्रवार.

मी वरील बाई ठाण्यात स्वतःच्या पायांनी आले आहे, कोणी धरून आणलेले नाही, आणि विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी चार वर्षांपासून एकटी राहते. घर माझा मुलगा वकास याने घेतले आहे. तो ब्रॅडफर्डला टॅक्सी चालवतो. घर झाले की परत येईन, असे तो म्हणाला होता. घर झाले, तो आला नाही. दर रविवारी फोनवर मी विचारते, "घर तयार आहे, आता काय आवतण धाडू?" तो म्हणतो, "थोडंच राहिलंय, अम्मी." काय राहिले आहे ते मला दिसत नव्हते. पडदेसुद्धा लावून झाले आहेत. सोफ्याचे प्लॅस्टिक तेवढे मी काढलेले नाही, ते नातवंडे आल्यावर काढायचे आहे. मुलाला यायचेच नाही, असे मी मनाशी धरून चालले होते, आणि गेल्या रविवारी त्याला तसे बोललेही.

आज सकाळी १०.४० च्या सुमारास मी पराठे लाटत असताना दार वाजले. बाहेर एक इसम, वय अंदाजे तीस, इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल. नाव अर्सलान बट, झेलमच्या बँकेतून आलो, असे त्याने सांगितले. आलेल्या माणसाला दारात उभे ठेवण्याची आमच्यात रीत नाही, म्हणून मी त्याला बैठकीत बसवले. पाणी पिऊन झाल्यावर तो म्हणाला, "खाला, हे घर आमच्या बँकेच्या नावावर आहे. जरा छत बघू द्या, आणि या कागदावर अंगठा द्या."

येथे सांगणे भाग आहे की, आमच्याच गल्लीतल्या सूफी बशारत यांचे घर असेच गेले. त्यांची मुले दुबईला. चांगल्या कपड्यांतली दोन माणसे फाइल घेऊन आली, घर आमचे म्हणाली, आणि उतरत्या दुपारी अस्रच्या नमाजेपर्यंत कुलूप बदललेले होते. सूफीसाहेब अजून कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात. शिवाय माझे पती जाताना बजावून गेले आहेत की, वाचल्याशिवाय कशावर अंगठा द्यायचा नाही. मला वाचता येत नाही. सबब मी "चहा आणते" म्हणाले, बाहेर आले, आणि कडी घालून कुलूप लावले. नंतर पोलिसांच्या १५ नंबरला फोन करून घर लाटणारा पकडला आहे असे कळवले.

सदर इसमास मी मारहाण केलेली नाही. खिडकीच्या गजांतून दोन पराठे, लोणचे आणि चहा दिला. चोर असला तरी सकाळचा उपाशी दिसत होता. तो म्हणाला, "खाला, जुम्म्याची नमाज चुकेल माझी." मी म्हणाले, "दुसऱ्याचं घर गिळायला निघालास तेव्हा नाही आठवली नमाज?" तरी नमाजेची सतरंजी, जानमाज, आत सरकवली आणि किब्ल्याची दिशा कोणती तेही दाखवले. माझी धाकटी जाऊ खुर्शीद भिंतीवरून डोकावून म्हणाली, "भाभी, चोर कोंडलाय की जावई?" खुर्शीद भाड्याच्या घरात राहते. त्यावरून मी तिला आजवर काय काय बोलले आहे, ते येथे लिहू नये.

१.१५ वाजता पोलीस आले आणि आम्हां दोघांना ठाण्यात आणले. येथे जबाब लिहून घेणारे मुहर्रिर रफाकत यांनी फाइल मोठ्याने वाचली. ती खरी निघाली. घर बँकेने विकत घेतले आहे, आणि परदेशात राहणाऱ्यांसाठी जी सोय असते तिच्याखाली वकासला पंधरा वर्षांच्या भाड्याने दिले आहे. व्याज नाही, भाडे आहे. मुदत भरली की घर त्याच्या नावावर होणार. मी विचारले, "म्हणजे माझा मुलगा भाडेकरू?" बट म्हणाला, "हो, खाला." मी विचारले, "आणि मी?" त्याने फाइलमधले छताचे पान काढून पुढे केले. त्यापुढे त्याने सांगितले की, नळ-दिव्यांचे भाडेकरूने पाहायचे, पण छत आणि भिंती मालकाच्या, म्हणून दुरुस्ती बँकेला करावी लागते. अंगठा हवा होता तो छत गळते एवढ्याचसाठी.

छत दोन पावसाळे गळते आहे हे खरे. ते मी कोणालाही सांगितलेले नाही. वकासने दुरुस्तीसाठी बँकेला केलेल्या अर्जात लिहिले आहे: 'व्हिडिओ फोनवर बोलताना आईच्या मागे बादली दिसते. विचारलं तर म्हणते, फरशी पुसत होते. दोन वर्षं तीच बादली त्याच जागी आहे.'

यानंतर ठाण्यातून वकासला फोन लावून दिला. तो आधी हसला. मी म्हणाले, "मला भाड्याच्या घरात ठेवलंस?" तो म्हणाला, "सांगितलं असतं तर राहिली असतीस का?" मी नाही म्हणाले. तो म्हणाला, "बादलीचं का नाही सांगितलंस, अम्मी?" मी लाइन तुटली असे सांगून फोन ठेवला. लाइन तुटलेली नव्हती.

अर्सलान बट याच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. त्याचीही माझ्याविरुद्ध नाही. तो फक्त म्हणाला की, पराठे चांगले होते, मीठ कमी होते. छताच्या कागदावर मी अंगठा दिला आहे. खुर्शीदला आज संध्याकाळी चहाला बोलावणार आहे.

मुदतीची अकरा वर्षे राहिली आहेत. माझा मुलगा मला टाळत होता असे नाही, तो भाडे भरत होता, हे मला आज कळले. गेल्या रविवारी बोलले ते मी परत घेते. अकरा वर्षांनी मी ७९ वर्षांची होईन. वकास येईल त्या दिवशी दार उघडायला मी असेन, असे लिहून घ्यावे. मुहर्रिर म्हणाले, हे जबाबात बसत नाही. मी म्हणाले, बसवा.

वरील सर्व मजकूर मला सुरुवातीपासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचून दाखवला. ते वाक्य त्यात आहे याची दोनदा खात्री करून घेतली, आणि मगच डाव्या हाताचा अंगठा दिला.