सुलुआगा उठत नाही

कोलंबियातल्या मेदेयीनच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर दोघं सॉफ्टवेअरवाले बसले होते.

"यामिलेथ, हात ठणकतोय गं. मघापासून त्या सुलुआगालाच पुकारतायत, आणि तो उठत नाही. माझ्या मामांचं आडनाव तेच. सगळे असेच आळशी."

"धीर धर, एद्विन. इथलं सॉफ्टवेअर आपलंच आहे."

"म्हणूनच भीती वाटते. नावांचा कोड तू एआयकडून लिहून घेतलास ना?"

"हो. चाचण्याही त्यानंच लिहिल्या. सगळ्या पास."

"म्हणजे चोरानंच पंचनामा केला. तू वाचलास?"

"वरवर. सुबक होता. नावातला शेवटचा शब्द म्हणजे आडनाव, असं धरलं होतं."

"शेवटचा? आपल्याकडे आधी बापाचं आडनाव, शेवटी आईचं माहेरचं."

"अगं आई गं."

"काय झालं?"

"ऊठ, एद्विन. तो आळशी तूच आहेस."