साडेपाचचं पाणी

डोंबिवलीत लशीच्या रांगेत सरोजताई खडूने आखलेल्या गोलात उभ्या राहून जांभया देत होत्या. पहाटे पाणी भरून त्या थेट इथे आल्या होत्या. पुढच्या दोन गोलांतल्या बायका मास्कमधून अक्षरशः ओरडून गप्पा मारत होत्या.

"मेघना, काय टवटवीत दिसतेस गं! अर्धाच चेहरा दिसतोय, तरी!"

"झोप, रमावहिनी! आठपर्यंत झोपते मी."

"आठ? आणि साडेपाचचं पाणी?"

"आमची पायल भरते."

"काय सांगतेस! ती पोरगी पहाटे उठते?"

"उठते कुठली? झोपतच नाही! कॉलेज बंद झाल्यापासून रात्रभर मोबाइल. नळ आला की पिंप भरते, हंडे भरते, मग जी आडवी होते ती दुपारी दोनपर्यंत."

"आणि तू ओरडत नाहीस?"

"आठ दिवस ओरडले ना. मग एकदा मला जागच आली नाही. धडपडत मोरीत गेले, तर पिंप काठोकाठ! बावीस वर्षांत पहिल्यांदा ऊन अंगावर घेऊन उठले, वहिनी."

"पण आता कॉलेजं उघडणार म्हणतात."

"तेच तर टेन्शन आलंय! भावाला सांगून ठेवलंय, पोरीला नाइट शिफ्टची नोकरी बघ."

दोघी इतक्या हसल्या की वॉचमन धावत आला. "ओ ताई, गोल सोडू नका!"

सरोजताईंनी पर्समधून फोन काढला आणि घरी लेकाला मेसेज टाकला, "अद्वय, आजपासून रात्री दहाला तुझा मोबाइल काढून घेणार नाही. जाग पाहिजे तेवढा."