दाजींचा बहिरेपणा आणि एक रातकिडा

...आणि वर सगळे मलाच म्हणतात, तू कशाला नेलंस त्यांना कान तपासायला! अहो, मी नेलं? ताईनं नेलं! मी नुसता गाडी चालवत होतो! आणि मला काय स्वप्न पडलं होतं, तिथे तो बसला असेल म्हणून? नाव रातकिडा, आणि उगवला भर दुपारी!

तुम्हाला सांगतो, आमची ताई शाळेत पीटीची बाई. तिनं घरात 'मीठ संपलंय' म्हटलं की चार घरं सोडून लोक डबा बघतात. आणि दाजी छापखान्यात, दिवसभर यंत्रांची धडधड. एकदा ताई म्हणाली, "अहो, माळा साफ करायचाय," तेव्हा नळ चालू होता, दाजींना खरंच ऐकू आलं नाही. ताईनं सुस्कारा सोडला आणि पदर खोचून स्वतःच चढली. झालं! त्या माणसाला मोक्षाचा रस्ताच सापडला हो! हळूहळू डावा कान गेला, मग उजवा गेला, मग 'भाजी आणा' गेलं, 'पंखा पुसा' गेलं... 'जेवायला या' तेवढं मात्र शाबूत!

तर ती कान तपासायची जागा. काचेची खिडकी असलेली बंद खोली, आत काळोख, भिंतींना गाद्या. तपासणाऱ्या बाईंनी दाजींच्या कानांवर ते मोठे हेडफोन चढवले, हातात बटण दिलं, आणि खाणाखुणा करून सांगितलं, "बारीक आवाज आला... की दाबायचं." दाजींनी चेहरा असा केला, जणू दगडाला नुकताच शेंदूर फासून बसवलंय. ठरवूनच आलेले ना! बटण दाबायचंच नाही! ताई काचेला नाक लावून उभी, मी तिच्यामागे.

आणि आत हे सुरू झालं... किर्र... किर्र... किर्र... त्या किड्याला काळोख दिसला, त्याला वाटलं रात्र झाली! मी नंतर वाचून काढलं सगळं, चीड आली म्हणून! गातो तो फक्त नर. तोंडानं नाही, पंखावर पंख घासून! मादी गप्प. नवरा बडबडतो आणि बायको ऐकत ऐकत चालत येते, आहे की नाही उलटी दुनिया? आणि कान कुठे, माहितीये? पायात! पुढच्या पायांत, गुडघ्याखाली!

आम्हाला बाहेर काही ऐकू नाही. आत दाजींना वाटलं, हीच परीक्षा! बसले नेटानं. कपाळावर घाम, जबडा घट्ट... किर्र किर्र... पण माणूस किती सोसणार? एकदम हेडफोन उपटून ओरडले, "अहो बाई, ती किरकिर बंद करा आधी! डोकं उठलंय माझं!"

बाई बाहेरून माईकवर शांतपणे म्हणाल्या, "कसली किरकिर? मी मशीन अजून सुरूच केलेलं नाही."

आम्ही दार उघडून आत. आणि पावलांचा धक्का लागला की हा किडा गप्प! चिडीचूप! दाजींना नवसंजीवनी मिळाली. "कानातच वाजतंय माझ्या! बहिऱ्यांना वाजतं तसं!" आता ताईच घाबरली हो. डोळे भरले तिचे. दाजींचं डोकं दोन्ही हातांत धरून म्हणते, "अगंबाई, डोक्यात आवाज येतोय तुमच्या? आणि मला सांगितलं नाहीत?" सगळे स्तब्ध. कुणी हलेना...

किर्र... किर्र...

नाव रातकिडा, आणि वेळ साधली बघा कशी! मी ऐकलं, बाईंनी ऐकलं, ताईनं ऐकलं. तिनं हात काढून घेतले, आणि आयुष्यात पहिल्यांदा कुजबुजली, "कधीपासून?"

"माळ्यापासून," दाजी म्हणाले. कुजबुजलेलंसुद्धा ऐकू आलं हो त्यांना!

बाहेर पायऱ्यांवर बसले दोघं. ताई म्हणाली, "म्हणजे आईशी फोनवर मी तुमच्या नाकाबद्दल..."

"ऐकलं."

"तुमच्या पाठच्या बहिणीबद्दल..."

"ते पटलं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर ऐकू येतं ते कळलं असतं ना!"

मग ती म्हणाली, "आणि माझी गाठ तपासायला दिली होती, तेव्हा तुमच्यासमोर बसून एकटीच बडबडत होते, भीती वाटते म्हणून... तेही?"

दाजी चपलेकडे बघत म्हणाले, "दुसऱ्या दिवसापासून सकाळचा चहा मी करायला लागलो, तो काय उगाच?"

मी गाडीकडे गेलो. अशा वेळी मेहुण्यानं गाडी पुसावी.

आता म्हणाल, गोड झालं सगळं. कसलं गोड! इतकी वर्षं ताई मनातलं सगळं त्या बहिऱ्या माणसासमोर ओकून मोकळी व्हायची. आता तो ऐकतो, उत्तरं देतो, मुद्दे काढतो! तिला मोकळं बोलायला माणूसच उरला नाही... म्हणून रोज संध्याकाळी माझा फोन वाजतो. नाकापासून सुरुवात. जेवण गार होतं, बायको खुणा करते, आणि ताई मध्येच विचारते, "ऐकतोयस ना रे?"

ऐकतोय ताई... ऐकतोय.